मुक्त सॉफ्टवेअर आणि विकसनशील देश : पाव शतकाचा लेखाजोखा

२८ मे २००३ रोजी पुण्याजवळ हिंजवडीत एका माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या समारंभात तेव्हाचे राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम बोलले. त्याआधी काही महिने बिल गेट्स त्यांना राष्ट्रपती भवनात भेटून गेले होते. मुघल गार्डनमध्ये फिरताना संगणकीय सुरक्षेचा विषय निघाला, आपण ओपन सोर्सचा आग्रह धरला आणि मते वेगळी असल्यामुळे पुढची चर्चा अवघड झाली, असे कलामांनी त्या भाषणात सांगितले. भारतासारख्या देशाने मालकी सॉफ्टवेअरवर विसंबून राहावे याची त्यांना खंत वाटत होती. नोव्हेंबर २००२ मधल्या त्याच दौऱ्यात गेट्स यांनी भारतात तीन वर्षांत ४० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली होती. देशाचा राष्ट्रपती एका बाजूला आणि जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी दुसऱ्या बाजूला, असे चित्र तेव्हा उभे राहिले. पेरू, ब्राझील, थायलंड, दक्षिण आफ्रिका या देशांतही त्याच सुमारास असेच वाद चालू होते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी मुक्त सॉफ्टवेअरचा सक्रिय प्रसार करावा का, आणि करायचा तर कसा, या प्रश्नाची आजची स्थिती काय आहे, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

चळवळ कुठून आली

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा वापरणाऱ्याला हवी, हा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे लिनक्स आले आणि या विचाराला चालतीबोलती संगणक प्रणाली मिळाली. १९९८ मध्ये काही मंडळींनी 'ओपन सोर्स' ही संज्ञा पुढे आणली. उद्योगजगताला स्वातंत्र्याच्या भाषेपेक्षा दर्जाची आणि सोयीची भाषा लवकर पटेल, असा त्यांचा हिशेब होता. दोन्ही गटांचे सॉफ्टवेअर बहुतांशी तेच असते, हेतू मात्र वेगळे. विकसनशील देशांतल्या प्रसारात ही दुही कायम जाणवत राहिली: काहींना पैसे वाचवायचे होते, काहींना परावलंबन संपवायचे होते, आणि दोघे एकाच व्यासपीठावर बसत होते.

पैशाचा मुद्दा सर्वांत आधी मांडला गेला, कारण तो सर्वांत ठळक होता. संशोधक रिशब अय्यर घोष यांनी २००३ मध्ये एक साधी तुलना केली. विंडोज एक्सपी आणि ऑफिस एक्सपी यांची अमेरिकेतली किंमत ५६० डॉलर धरली, तर ती दक्षिण आफ्रिकेच्या दरडोई उत्पन्नाच्या अडीच महिन्यांहून जास्त आणि व्हिएतनामच्या सोळा महिन्यांहून जास्त भरत होती. परवान्याची किंमत जगभर एकच ठेवली तर गरीब देशाला तिचा भार किती पटींनी वाढतो, हे या आकड्यांनी स्वच्छ दाखवले.

पण ही किंमत भरत कोण होते? आपल्याकडे तालुक्याच्या गावात असेंबल केलेला संगणक घेतला की दुकानदारच विंडोज टाकून द्यायचा. मशीन मंद झाले की 'फॉरमॅट मारून' परत तीच सीडी. गिऱ्हाइकाला परवाना नावाची वस्तू कधी दिसायचीच नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या अंदाजानुसार भारतातले विनापरवाना सॉफ्टवेअरचे प्रमाण २०११ मध्ये ६३ टक्के आणि २०१७ मध्येही ५६ टक्के होते. हे आकडे उद्योगाचे स्वतःचे आहेत, त्यामुळे थोडे सावधपणे घ्यावेत. पण कल ओळखीचा आहे. मुक्त सॉफ्टवेअरची खरी स्पर्धा महागड्या विंडोजशी नव्हतीच, ती फुकटच्या विंडोजशी होती. प्रसाराच्या पहिल्या दशकातले बरेच अपयश या एका गोष्टीतून समजते.

मुख्य भूमिका

सार्वभौमत्वाची बाजू सर्वांत नेमकेपणाने मांडली गेली ती पेरूमध्ये. सरकारी खात्यांत मुक्त सॉफ्टवेअर सक्तीचे करणारे विधेयक तिथल्या संसदेत आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या पेरूतल्या प्रमुखांनी हरकतींचे पत्र लिहिले. एप्रिल २००२ मध्ये खासदार एडगर व्हिलान्वेवा यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. पैशाची बचत हा विधेयकाचा मुख्य हेतू नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट केले. नागरिकाला सार्वजनिक माहिती मिळाली पाहिजे, ती माहिती पिढ्यान्‌पिढ्या वाचता आली पाहिजे, आणि राज्याच्या व नागरिकांच्या सुरक्षेची हमी असली पाहिजे. या तीन गोष्टी एका विक्रेत्याच्या मर्जीवर राहू नयेत, हा त्यांचा युक्तिवाद. ज्या संगणक प्रणालीत सातबारा, जन्ममृत्यूची नोंद किंवा न्यायालयाचा निकाल ठेवला आहे, ती आतून कशी चालते हे सरकारलाच पाहता येत नसेल तर सरकारच्या हातात काय उरते, असा तो प्रश्न आहे, आणि त्याला समाधानकारक प्रत्युत्तर मी आजवर वाचलेले नाही.

दुसरी बाजू तटस्थतेची. सरकारने तंत्रज्ञान निवडू नये, गरज सांगावी आणि बाजाराला उत्तर देऊ द्यावे, असे ही मंडळी म्हणतात. परवाना हा एकूण खर्चाचा एक भाग असतो; प्रशिक्षण, देखभाल, जुन्या फायलींचे रूपांतर, अडलेल्या कामाचे तास हे सगळे धरले तर फुकट वाटणारे सॉफ्टवेअर महाग पडू शकते. शिवाय नोकरीच्या जाहिरातीत एक्सेल लिहिलेले असताना शाळेत दुसरे काही शिकवणे गरीब मुलावर अन्याय नाही का, हाही त्यांचा सवाल. हे मुद्दे केवळ कंपन्यांच्या प्रचाराचे म्हणून झटकता येत नाहीत. ज्या कार्यालयात मॅक्रो भरलेल्या शेकडो एक्सेल फायली आहेत, तिथल्या लेखनिकाला लिब्रे ऑफिस हा मुक्त पर्याय दिल्यावर पहिले सहा महिने काय होते, ते काम केलेल्या माणसाला ठाऊक असते.

किमतीवर बेतलेला प्रसार किती ठिसूळ असतो, हे थायलंडने दाखवले. २००३ मध्ये तिथल्या सरकारने स्वस्त संगणकांची योजना लिनक्सवर सुरू केली. मायक्रोसॉफ्टने विंडोज आणि ऑफिस मिळून सुमारे ३८ डॉलरला देऊ केले, आणि २००४ मध्ये विंडोजची 'स्टार्टर' आवृत्ती काढली. २००७ मध्ये विकसनशील देशांच्या सरकारांना विद्यार्थ्यांसाठी हाच संच तीन डॉलरला देण्याची तयारी कंपनीने दाखवली. ५६० वरून ३ वर. लिनक्सची नुसती चाहूल लागताच भाव पडले, हे मुक्त सॉफ्टवेअरचेच यश म्हणावे लागेल; पण ज्या योजनांचा पाया फक्त बचत हा होता, त्यांचा पायाच त्यामुळे निघून गेला.

तिसरी भूमिका या दोन्हींच्या पलीकडची आहे. केंटारो टोयामा हे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे सहसंस्थापक. तंत्रज्ञान समाजात आधीपासून असलेल्या क्षमता आणि विषमता फक्त वाढवते, नव्याने निर्माण करत नाही, असे ते म्हणतात. परवाना कोणता याला या दृष्टीने फारसे महत्त्व उरत नाही. त्यांच्या गटाचा एक प्रयोग आपल्या वारणा खोऱ्यातला. १९९८ मध्ये वारणेच्या साखर सहकाराभोवतीच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभी राहिली. शेतमालाचे भाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले असे बरेच काही त्यातून मिळायचे होते. प्रत्यक्षात ऊस उत्पादक येत ते मुख्यतः आपल्या उसाचे टनेज किती भरले आणि बिल किती निघाले ते पाहायला. या गटाने काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून दाखवले, आणि शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचे वाटले. तिथे लिनक्स असते तरी हेच झाले असते. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी या उदाहरणाचा जितका गंभीर विचार करायला हवा होता, तितका केलेला दिसत नाही.

केरळ: दीर्घकाळ चाललेला प्रयोग

जगात कुठे मुक्त सॉफ्टवेअर सरकारी पातळीवर टिकले, असे विचारले की केरळच्या शाळांचे नाव आधी घ्यावे लागते. २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले, त्याला स्टॉलमन आले होते. त्याच वर्षी राज्याचा 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीचा अभ्यासक्रम मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर बेतलेला होता. त्याला विरोध केला तो शिक्षकांच्या संघटनेने. सार्वजनिक शिक्षण एका कंपनीच्या उत्पादनाभोवती बांधू नये, ही त्यांची मागणी. वर्गात शिकवणाऱ्यांनीच हा प्रश्न हाती घेतला, ही गोष्ट पुढच्या सगळ्या यशाच्या मुळाशी आहे असे मला वाटते.

२००५ नंतर शाळा टप्प्याटप्प्याने ग्नू-लिनक्सवर आल्या, आणि दहावीच्या आयटीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठीही तेच वापरले जाऊ लागले. आधी डेबियन, नंतर उबंटू या लिनक्सच्या वितरणांवर आधारित, शाळांसाठी खास बांधलेली आवृत्ती. गणिताला जिओजेब्रा, चित्रांसाठी जिंप आणि इंकस्केप, रसायनाला कॅल्झियम. मल्याळम फॉन्ट आणि भाषांतर यांचा भार २००२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या स्वयंसेवकांच्या गटाने उचलला. शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर तयार केले गेले. मशीन बिघडले की मुख्याध्यापक जिल्ह्याच्या केंद्राला फोन करत, कंपनीला नाही. डाव्यांचे सरकार जाऊन काँग्रेसचे आले, पुन्हा डाव्यांचे आले, धोरण तेच राहिले. २०१७ मध्ये प्रकल्पाचे 'काइट' नावाच्या सरकारी कंपनीत रूपांतर झाले.

या यशासोबत एक आकडा नेहमी फिरतो: ३,००० कोटी रुपयांची बचत. २०१९ मध्ये काइटने तो दिला. त्याचा हिशेब असा की शाळांत दोन लाखांहून जास्त संगणक आहेत आणि प्रत्येकी किमान दीड लाखाचे परवाने लागले असते. गुणाकार बरोबर आहे, पण एका शाळेच्या संगणकावर दीड लाखाचे सॉफ्टवेअर कोणत्याही सरकारने खरोखर विकत घेतले असते का? शैक्षणिक सवलतीत, आणि थायलंडसारखी घासाघीस केल्यावर, खरी किंमत याच्या कितीतरी खाली आली असती. बचत झाली हे निर्विवाद. किती झाली हे या पद्धतीने कळत नाही. केरळची कमाई या आकड्यापेक्षा मोठी आहे आणि ती वेगळ्या जागी आहे: लाखभराहून अधिक शिक्षकांना आपली यंत्रणा आपण चालवू शकतो हा आलेला भरवसा. तो कुठल्याच ताळेबंदात येत नाही, म्हणून मागे राहतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. शाळेबाहेर पडलेल्या मुलाला महाविद्यालयात आणि खासगी नोकरीत बहुधा विंडोजच भेटते. आणि केरळसारखी साक्षरता, शिक्षक संघटना आणि ग्रंथालय चळवळ जिथे नाही, तिथे हा नमुना उचलून नेता येईल का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

महाराष्ट्रातले तुकडे

महाराष्ट्रात असा एकसंध प्रयोग झाला नाही. तुकडे मात्र पुष्कळ आहेत आणि त्यातले काही देशव्यापी ठरले.

सर्वांत मोठा न्यायालयांचा. ई-कोर्ट प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू निवडले. खटल्यांची नोंद ठेवणारी 'सीआयएस' ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली आणि ती देशभर गेली. आज कुणी वकील मोबाइलवर पुढची तारीख पाहतो, तेव्हा मागे हीच प्रणाली असते. न्यायाधीशांना उबंटूचे प्रशिक्षण दिले गेले. गाजावाजा न करता झालेले हे कदाचित भारतातले सर्वांत खोलवर रुजलेले काम आहे. मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्ट हे दुसरे उदाहरण: लहान कारखान्यांपासून शाळांपर्यंत हिशेब, साठा आणि पगार सांभाळणारे, पूर्णपणे मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर आज परदेशातही चालते. आयआयटी मुंबईच्या फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पांनी सायलॅब, लिब्रे ऑफिस, लिनक्स यांचे सुमारे दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले; इंटरनेट नसलेल्या महाविद्यालयातही ते चालतात, शिक्षक तज्ज्ञ नसला तरी चालतो.

याच्या नेमके उलट चित्र संगणक साक्षरतेचे. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी लागते, म्हणून गेल्या दोन दशकांत लाखो तरुणांनी तो अभ्यासक्रम केला. त्याचा गाभा विंडोज आणि ऑफिस. खेड्यातल्या मुलीच्या हाती पहिल्यांदा माऊस येतो तो तिथे, आणि संगणक म्हणजे काय याची कल्पनाही तिथेच पक्की होते. अभ्यासक्रमाने संगणकाची भीती घालवली हे मोठेच काम झाले. पण त्यात लिब्रे ऑफिसचा एक धडा जरी परीक्षेला असता, तर राज्यातले चित्र किती बदलले असते, याचा विचार व्हायला हवा होता.

भाषेचा प्रश्न थोडा जवळून पाहू, कारण मुक्त सॉफ्टवेअर कुठे टिकते आणि कुठे अडते, हे त्यात नीट दिसते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचे टंकन कंपन्यांच्या खास फॉन्टांवर चाले. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. एका प्रेसमध्ये जुळवलेला मजकूर दुसरीकडे तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांची गिचमिड होऊन उघडायचा. वीस-पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे ठराव, पुस्तकांच्या फायली अशा अडकून पडल्या. युनिकोड आणि मुक्त फॉन्ट यांनी ही कोंडी फोडली. त्यातही मराठीचे बारकावे होते. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत अर्थाचा डोंगर-समुद्राइतका फरक, पण नागरीचा फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केला की 'दऱ्या'तला तो आडवा अर्धा र मोडायचा. मराठी ल आणि श यांची वळणे वेगळी. रेड हॅटच्या पुण्यातल्या गटाने सांभाळलेल्या लोहित फॉन्टात अशा दुरुस्त्या झाल्या, कारण फॉन्ट खुला होता आणि दुरुस्त करणारी माणसे मराठी लिहिणारी होती. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट खुल्या परवान्यावर दिले आणि देखणे मराठी अक्षर कुणालाही विनामूल्य मिळू लागले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. पुस्तक-मासिकांची पाने लावणारा डीटीपी ऑपरेटर पेजमेकर किंवा इनडिझाइन वापरतो. त्याला मुक्त पर्याय स्क्रायबस. पण स्क्रायबसला देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवता येण्याची सोय २०१७ च्या विकास-आवृत्तीत आली आणि स्थिर आवृत्तीत पोहोचायला जानेवारी २०२४ उजाडले. तोवर 'मुक्त सॉफ्टवेअर वापरा' असे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या ऑपरेटरला सांगण्यात काय अर्थ होता? त्याच्या कामाचे साधन तयारच नव्हते. प्रसार करणाऱ्यांनी त्याला दोष देऊ नये. सोर्स कोड खुला होता, तो देवनागरीसाठी कुणीही दुरुस्त करू शकत होते, आणि इतकी वर्षे ते झाले नाही.

आरोग्यात उलटी वाहणारी गंगा

शिक्षणानंतर सर्वांत ठोस काम आरोग्य क्षेत्रात दिसते. छत्तीसगढमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोगचे रुग्णालय आहे. तिथल्या गरजेतून थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्यांनी 'बाह्मनी' ही रुग्णालय प्रणाली घडवली. नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनईएलआयएस आणि बिलांसाठी ओडू, अशी तीन तयार मुक्त सॉफ्टवेअर एकत्र शिवून ती झाली. शून्यातून लिहायला ना वेळ होता ना पैसा. पुढे ती नेपाळपर्यंत आणि इतरही देशांत गेली.

डीएचआयएस-२ या आरोग्य-माहिती प्रणालीची कहाणी याहून लांबची. वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत नव्वदच्या दशकात काम सुरू झाले, ऑस्लो विद्यापीठाने ते सांभाळले आणि दुसरी आवृत्ती २००६ मध्ये पहिल्यांदा केरळमध्ये उभी राहिली. आज ७० हून अधिक देशांची आरोग्य खाती लसीकरण, बाळंतपणे, मलेरिया यांची आकडेवारी तिच्यात ठेवतात. जानेवारी २०२० मध्ये श्रीलंकेतल्या गटाने विमानतळावर उतरणाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी तिच्यात कोविडचा विभाग जोडला आणि तो सर्वांसाठी खुला केला. डझनावारी देशांनी तो उचलला, आणि नॉर्वेतल्या नगरपालिकांनीही. विकसनशील देश म्हणजे फुकट मिळालेले वापरणारा, हे गृहीतक दोन्ही बाजूंच्या लिखाणात खोल रुतलेले आहे. या प्रसंगाने ते खोटे ठरवले.

अंध व्यक्तींच्या बाबतीत तर मुक्त सॉफ्टवेअर हा जवळजवळ जगण्याचा प्रश्न आहे. पडद्यावरचे वाचून दाखवणारे व्यापारी सॉफ्टवेअर बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए विनामूल्य आहे, आणि ईस्पीक या खुल्या आवाजामुळे ते मराठीही वाचते. त्याच्या बळावर शिकलेली, बँकेत आणि शाळेत नोकरीला लागलेली माणसे महाराष्ट्रात आहेत.

कायदे आणि त्यांचे आयुष्य

धोरणांचा इतिहास संमिश्र आहे. पेरूचे विधेयक शेवटी २००५ मध्ये कायदा झाले, पण सक्तीच्या जागी तटस्थता आली. ब्राझीलने २००३ पासून लुला सरकारच्या काळात मुक्त सॉफ्टवेअरचा जोरदार पुरस्कार केला. २०१६ च्या सत्ताबदलानंतर केंद्रीय खात्यांनी पुन्हा मायक्रोसॉफ्टची वाट धरली. भारताने २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या दस्तऐवज मानकाच्या विरोधात मत दिले, २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आणले आणि मार्च २०१५ मध्ये ओपन सोर्सचे. या शेवटच्या धोरणानुसार सरकारी प्रकल्पात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचे आणि ते न वापरल्यास कारण द्यायचे. मात्र 'प्रयत्न करील' या शब्दांत बरीच मोकळीक आहे, आणि दिलेल्या कारणांची तपासणी कोण करते हे निविदा वाचणाऱ्याला कळत नाही. सीडॅकचे बॉस लिनक्स २००७ पासून आहे, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारित 'माया' आणले. तहसील कार्यालयातल्या टेबलावर मात्र बहुधा विंडोजच असते.

उपकरणे वाटून शिक्षण सुधारते का, याचाही निकाल आला आहे. 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या योजनेचे लिनक्सवर चालणारे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेतही आले होते. सर्वांत मोठी खरेदी पेरूने केली, आणि तिथल्या ३१९ शाळांच्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. सॉफ्टवेअर मुक्त होते, मशीन स्वस्त होते. शिक्षकाची तयारी मात्र योजनेत सर्वांत शेवटी होती. केरळने क्रम उलटा ठेवला.

जे सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न असा की जमीनच सरकली आहे. २००३ चा वाद टेबलावरच्या संगणकाचा होता. आज गावातला संगणक म्हणजे अँड्रॉइड फोन. त्याच्या पोटात लिनक्स आहे, म्हणजे संख्येने पाहिले तर लिनक्स जिंकले. पण फोनधारकाला ना काही तपासता येते ना बदलता येते, आणि त्याचा सगळा व्यवहार दुसऱ्याच्या सर्व्हरवर होतो. सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर नसेलच तर सोर्स कोडचा हक्क कशावर सांगायचा? मुक्त परवान्यांनी यावर उत्तरे शोधली आहेत, सरकारांनी ती अजून फारशी वापरलेली नाहीत.

दुसरा, सार्वजनिक डिजिटल यंत्रणांचा. बंगळुरूच्या आयआयआयटीत २०१८ मध्ये सुरू झालेले मोसिप हे ओळखपत्राचे मुक्त सॉफ्टवेअर मोरोक्को, फिलिपीन्स, इथिओपिया अशा देशांनी स्वीकारले. कोड खुला असल्यामुळे तो देश एका कंपनीचा बांधील राहत नाही. पण ओळख न पटल्याने रेशन नाकारले गेलेल्या माणसाला कोड खुला आहे याने काय मिळते? यंत्रणेचे नियम कोण ठरवतो आणि तक्रार कुठे करायची, हे परवान्यात लिहिलेले नसते. याबाबत पुरस्कर्ते आणि टीकाकार अनेकदा वेगवेगळ्याच प्रश्नांची उत्तरे देत राहतात.

तिसरा प्रश्न देखभालीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा. डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे या मुक्त साधनातली त्रुटी आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात लपवलेला चोरदरवाजा, यांनी जगाला दाखवले की कोट्यवधी मशीन ज्यावर चालतात तो कोड कधीकधी एक-दोन दमलेली माणसे फावल्या वेळात सांभाळतात. श्रीमंत देशातला अभियंता नोकरी सांभाळून हे करू शकतो. नांदेडच्या किंवा नैरोबीच्या तरुणाने घराचे हप्ते फेडत ते का करावे? मराठी भाषांतराचे कितीतरी प्रकल्प एकेका स्वयंसेवकाच्या उत्साहावर चालले आणि त्याची नोकरी बदलली तसे थांबले. बंगळुरूच्या झेरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. सुरुवात चांगली आहे, पण सरकारी निविदांत देखभालीचा स्वतंत्र आकडा आणि सुधारणा मूळ प्रकल्पाला परत देण्याची अट अजून अपवादानेच दिसते.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-प्रारूपे. मेटाने लामा हे प्रारूप 'ओपन' म्हणून दिले, पण त्याचा परवाना ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. प्रारूप खुले म्हणजे नेमके काय खुले असावे, याची एक व्याख्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवली. शिकवणीचा सगळा विदा उघड करण्याची सक्ती तिच्यात नाही म्हणून चळवळीतच मतभेद आहेत. आयआयटी मद्रासच्या एआय फॉर भारतने २०२३ मध्ये मराठी आणि कोकणीसह २२ अनुसूचित भाषांसाठी 'इंडिकट्रान्स-२' हे भाषांतराचे खुले प्रारूप दिले. ते उतरवून घेता येते, आपल्या कामासाठी घडवता येते. पण त्याहून कितीतरी मोठी प्रारूपे नव्याने शिकवायला लागणारी यंत्रे मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात आहेत. सोर्स कोडला फक्त एक संगणक आणि चिकाटी लागत असे. इथे विजेचे बिलच कोटींत जाते, आणि तो खर्च विद्यापीठांनी मिळून करायचा, राज्यांनी करायचा की अनेक देशांनी एकत्र येऊन, याची बोलणी आत्ता कुठे सुरू झाली आहेत.